भावोजींच्या इंजिनाची उलटी पाटी

चिंचणी, ता. ६ जानेवारी

तीर्थस्वरूप भावोजींच्या पायांवर चिंचणीहून धीरजचं डोकं, टपालानं जेवढं ठेवता येतं तेवढं.

तुमची साखर आटोक्यात असेल, डोळ्यांचे थेंब वेळेवर पडत असतील, गुडघा थंडीत कुरकुरत नसेल आणि सकाळी पोट साफ होत असेल असं मी धरून चालतो. यातलं एक जरी बिघडलेलं असेल तर हे पत्र आज ऐकू नका, उद्या ऐका. उद्याही बरं नसेल तर परवा. मला अजिबात घाई नाही. आमच्याकडे सगळे मजेत आहेत. स्वातीची पाठ दुखते, माझं पित्त उसळलंय, मांजरीनं अन्न सोडलंय, पण एकंदरीत मजेत. वलसाडला थंडी कितपत आहे? चिंचणीला समुद्रावरून वारा सुटला की हुडहुडी भरते. अर्थात ती वाऱ्याची की तुमच्या फोनची, हे मला हल्ली ओळखता येत नाही.

(चि. दीपिका, अनेक आशीर्वाद. सासऱ्यांना हे पत्र तूच वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. तेव्हा आधीच ठरवून टाकू. जे कंसात असेल ते फक्त तुझ्यासाठी, ते मनात वाच. पण कंस आला म्हणून थांबू नकोस. भावोजींचे कान फार तिखट आहेत, तू एक श्वास जास्त घेतलास तरी ‘काय गाळलंस?’ म्हणून विचारतील. कंस आला की खोक. खोकला झालाय असं सकाळपासूनच सांगून ठेव, म्हणजे संशय यायचा नाही.)

तुम्ही म्हणाल, चार महिन्यांत फोन एकदाही उचलला नाहीस आणि आता पत्र कसलं लिहितोस. भावोजी, खरं सांगतो, फोन वाजतो, वर तुमचा तो ड्रायव्हरच्या गणवेशातला फोटो येतो आणि माझी बोबडी वळते. मी फोन उशीखाली ठेवतो आणि उशीवर बसतो. स्वाती म्हणते, अहो उचला, ते काय फोनमधून बाहेर येणार आहेत? पण तिला तुमचा नियम माहीत नाही. तुमच्या घरात चूक झाली की समोर उभं राहायचं, ‘चुकलो’ एवढंच म्हणायचं, की विषय संपला. कारणं नकोत, रामायण नको. नोकरीतही तुम्ही तसंच वागलात. गाडी चार मिनिटं उशिरा पोचली आणि दोष तुमचा असला तर तसं स्वतःहून लिहून सही ठोकायचात, मग वरचे साहेब काय बोलणार? माझ्या तोंडून मात्र तो शब्द जन्मात निघालेला नाही. माझं काही बिनसलं की ताईच पदर खोचून पुढे यायची आणि म्हणायची, ‘धीऱ्या चुकला, आता सोडा त्याला.’ तुम्ही सोडायचात. आता ताई नाही. शब्द जिभेवर येतो आणि मी हवापाण्याचं बोलू लागतो. आईवडिलांनी माझं नाव धीरज का ठेवलं देव जाणे. म्हणून रामायण लिहितोय, ते कृपा करून गोड मानून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे तुमचं इंजिन सुखरूप आहे. सुखरूप हा शब्द मी विचार करून वापरला आहे. (दीपिका, तो तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलाय, तुला दिसतच असेल. भावोजींना खाडाखोड दिसत नाही, हे एक बरं आहे. अरे देवा, हे मी काय लिहून बसलो! हे तर मुळीच वाचू नकोस.)

गणपतीत तुमच्याकडे आलो होतो तेव्हा दीपिका माहेरी होती, म्हणून तिच्यासाठी पहिल्यापासून सांगतो, तुम्ही जरा सोसा. भावोजी निवृत्त झाले तेव्हा इंजिनांच्या शेडमधल्या मंडळींनी त्यांना त्यांच्याच जातीच्या इंजिनाचं मॉडेल दिलं. हातभर लांब, बाजारातलं तयार, चकचकीत. भावोजींनी ते काचेच्या कपाटात ठेवलं, आणि लांबून ते छान दिसायचं. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूनं उरलीसुरली नजर नेली. गणपतीत बघतो तर भावोजी इंजिन मांडीवर घेऊन बसलेले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवला, परत फिरवला. हाताला काही लागेना. दाराची दांडी नुसती रंगानं काढलेली, वायपर म्हणजे एक चरा, शिडी म्हणजे तीन उंचवटे, आणि नंबर तर कागदी चिकटपट्टीवर छापलेला. भावोजी म्हणाले, ‘हे इंजिन नाही, साबणाची वडी आहे.’ सगळे हसले. भावोजी हसले नाहीत. मला भडभडून आलं. आणि मला भडभडून आलं की मी रडत नाही, बढाया मारतो.

त्या दिवशी मारली ती बढाई माझ्या कानात अजून घुमतेय. मी म्हणालो, भावोजी, पस्तीस वर्षं दागिन्यांच्या डाय कोरतोय. सोनार ज्या पोलादी ठशावर सोन्याचा पत्रा ठोकून पेंडंट उठवतो, तो ठसा आमच्या चिंचणीच्या घराघरात कोरला जातो आणि पार कुठल्या कुठल्या देशांत जातो. तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत मी मोर बसवतो, पिसाऱ्यासकट. तुमच्या इंजिनाच्या दांड्या, वायपर, शिड्या म्हणजे काय मोठंसं? द्या इकडे, आठ दिवसांत आणून देतो, हाताला सगळं लागेल. तुम्ही इंजिन उचललंत आणि माझ्या मांडीवर ठेवलंत. ठेवून झाल्यावरही तुमचा एक हात त्याच्यावर थोडा वेळ तसाच होता. ते मी बघितलं.

मग तुम्ही यादी सांगितलीत. सतरा कलमं, मी लिहून घेतली. नऊ नंबरचं कलम मला पाठ आहे: डाव्या दाराच्या दांडीला मधोमध किंचित वाक पाहिजे, कारण यार्डात एकदा क्रेनचा आकडा लागला होता, दांडी कुणी बदलली नाही, आणि त्या वाकात तुमची तर्जनी बरोबर बसायची. शेवटी म्हणालात, वीस जानेवारीला मला पंचाहत्तर पूर्ण होतायत, जुने ड्रायव्हर येणार आहेत, त्यांना एकेक भाग हात लावून दाखवीन. बाकी कसला समारंभ नको. हे तुम्ही इतक्या साधेपणानं म्हणालात की मी वहीत त्या तारखेखाली दोन रेघा ओढल्या. (दीपिका, आज सहा तारीख. चौदा दिवस राहिले.)

आता उशीर का झाला ते ऐका. घरी येऊन कामाला बसलो तर लक्षात आलं की मोर कसा असतो हे मला माहीत आहे, पण इंजिनाचा वायपर कसा असतो हे मी आयुष्यात बघितलेलं नाही. तुमच्या जातीची इंजिनं आता धावत नाहीत, पण म्हटलं, दुसऱ्या कुठल्या इंजिनाचा वायपर असला तरी वायपर तो वायपर. म्हणून बोईसर स्टेशनवर गेलो. फलाटाच्या पार टोकाला मालगाडी थांबते, तिथे जाऊन उभा राहिलो. खिशात डाय मोजायचं व्हर्नियर, वही, पेन्सिल आणि भिंग. आता भावोजी, तुम्हीच सांगा, इंजिन एवढं उंच, व्हर्नियर एवढंसं. मी एक डोळा मिटून, व्हर्नियर हवेत धरून, लांबूनच वायपरचं माप घेत होतो. वहीत इंजिनाच्या टपाचं चित्र, त्यावर बाण, बाणांवर आकडे. पलीकडे अणुवीज केंद्र आहे, इकडे कारखाने आहेत, आणि हा माणूस काळा चष्मा लावून, ऊन होतं हो, रेल्वेची मापं घेतोय. पंधराव्या मिनिटाला एक गणवेशातले साहेब माझ्या मागे उभे. ‘क्या नाप रहे हो?’ मी म्हणालो, वायपर. ‘किसके लिए?’ मी म्हणालो, भावोजी के लिए. ‘भावोजी क्या करते हैं?’ मी खरं तेच सांगितलं, की उनको दिखता नहीं. साहेबांनी वही घेतली, व्हर्नियर घेतलं, भिंग घेतलं, आणि मला बाकड्यावर बसवलं. माझ्याकडे बघून पाणीही दिलं.

मला मिनिटामिनिटाला नवीन भीती. आधी वाटलं आत टाकतील. मग वाटलं सोडतील, पण वही ठेवून घेतील, आणि वहीत तुमची सतरा कलमं. मग वाटलं तुम्हालाच फोन करतील, आणि हे सगळ्यात वाईट. शेवटी नवसी देवासारखी धावून आली. नवसी म्हणजे मुरबे गावची कोळीण, आमच्याकडे वारानं मासळी घेऊन येते, त्या दिवशी रिकामी टोपली घेऊन गाडीची वाट बघत बसली होती. ती तिथूनच ओरडली, ‘सायेब, सोडा त्याला. चिंचणीचा डायवाला हाय तो. तो काय करनार? दिवालीत टिकली फुटली तरी घरात पलतो.’ सगळा फलाट हसला, साहेब हसले, वही परत मिळाली. अपमान झाला म्हणायला हरकत नाही, पण मी नवसीला हात जोडले. वायपरचं माप मात्र राहिलंच, कारण तोवर मालगाडी निघून गेली होती. पुढे तीन वेळा गेलो, दर वेळी त्या साहेबांना आधी जाऊन नमस्कार करायचो. तिसऱ्या वेळी ते स्वतःच म्हणाले, ‘आज लाल वाला आया है, जाओ देखो.’ वायपर उत्तम झालेत, भावोजी. पितळी तार ठोकून पाती केलीय, हात लावलात तर हलतात.

नवसीवरून आठवलं. इंजिनाच्या तोंडाशी ब्रेकच्या हवेचे जे काळे पाइप लोंबतात, तुमचं बारावं कलम, त्याला काय वापरावं सुचेना. तार फार कडक, दोरा फार लुळा. नवसी म्हणाली जाळ्याचा दोरा घ्या, जाड असतो नि वाकवला तसा राहतो. दुसऱ्या दिवशी तिनं टोपलीच्या तळातून एक भेंडोळं काढून दिलं. काळा, गुळगुळीत, अगदी हवा तसा! मी चार पाइप केले, बसवले, खूष झालो, इंजिन टेबलावर ठेवून जेवायला गेलो. भावोजी, तो दोरा महिनाभर सुक्या बोंबलांच्या शेजारी पडलेला होता. माझ्या नाकाला सवय, मला काही कळलं नाही. मांजरीला कळलं. परत येतो तर ती इंजिनाला मिठी मारून पाइप चावतेय, आणि मी ‘हाड’ म्हणालो तेव्हा ती पाइप तोंडात धरूनच पळाली. पाइपाला शेजारचा, धक्का झेलणारा बफर चिकटलेला होता, तो गेला तिच्याबरोबर. बफर तिनं गिळला की कुठे टाकला हे तीन दिवस कळेना, आणि ते तीन दिवस मी मांजरीच्या मागे कसा आणि कुठे कुठे फिरलो हे मी वडीलधाऱ्या माणसाला सांगू शकत नाही. (दीपिका, बफर मिळाला. धुतला. उकळत्या पाण्यात. दोनदा. पण वीस तारखेला कुणी इंजिनाचा वास घेऊ लागलं तर तू अगरबत्ती लाव.)

नऊ नंबरच्या कलमाचं वाटोळं तर स्वातीनंच केलं. मी जीव ओतून दांडीला वाक आणला होता, माझी करंगळी त्यात बसवून बसवून बघितली होती. दुसऱ्या दिवशी बघतो तर दांडी सरळ. स्वाती म्हणाली, तुमचं हल्ली लक्ष नसतं, दांडी वाकडी बसवली होतीत, मी पकडीनं सरळ करून दिली. कौतुकाची वाट बघत उभी. मी तिला काही बोललो नाही. (बोललो. दोन दिवस डाळभातावर होतो.) दांडी परत वाकवली, तर ती तुटली. नवी केली. आता वाक आहे, आणि दांडीला मी कागद बांधून ठेवलाय: ‘वाकडीच बरोबर.’

इथपर्यंत सगळं ठीक म्हणायचं. सतरातली सोळा कलमं झाली. राहिली होती ती पाटी. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना नंबराची पाटी, खाली शेडचं नाव, वलसाड. तुम्ही सांगितलं होतं की आकडे उठावाचे हवेत, अंगठ्याला लागले पाहिजेत. मी म्हटलं, बाकीचं काम मला परकं होतं, हे तर माझं रोजचं. पितळेचा जाड पत्रा घेतला, भिंग लावलं, छिन्नी घेतली आणि तीन दिवस मान वर केली नाही. विचार होता, कडेचं पितळ खाली घ्यायचं आणि आकडे वर ठेवायचे. पण हात हातच, भावोजी. पस्तीस वर्षं जे केलं तेच त्यानं केलं. असं सुरेख काम माझ्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. हल्ली डाय कॉम्प्युटरवर कापतात, मला कामंही कमीच येतात, त्यामुळे जरा जास्तच रंगलो. दोन्ही पाट्या झाल्या. लगेच चिकटवल्या. आणि चिकटवायला जो गोंद घेतला तो असा की त्याच्या दोन थेंबांत बैलगाडी चिकटावी.

स्वाती चहा घेऊन आली. बघितलं, वाकून बघितलं, आणि म्हणाली, ‘हे गुजरातीत लिहिलंय का?’

मला आधी कळेचना. मी म्हणालो, मराठीत आहे, डोळे तपासून घे. ती म्हणाली, मग शेवटचा आकडा पहिला का? भावोजी, डाय नेहमी उलटी कोरतात, म्हणजे ठोकल्यावर नक्षी सुलटी उठते. आणि डाय नेहमी खोल कोरतात, म्हणजे ठोकल्यावर ती वर येते. पस्तीस वर्षं मी उलटंच बघतोय, मला उलटं तेच सुलटं दिसतं. रुग्णवाहिकेच्या तोंडावर आरशासाठी उलटं नाव लिहिलेलं असतं ना, ते मी सरळ वाचतो आणि बाजूच्या दुकानाची पाटी वाचताना अडखळतो. तुमचा नंबर मी उलटा कोरला. खोल कोरला. दोन्ही बाजूंना कोरला. आणि बैलगाडीच्या गोंदानं चिकटवून ठेवला. तुमच्या अंगठ्याला आकडे लागायच्या ऐवजी खड्डे लागले असते, तेही उलटे.

त्या दिवसापासून मला जेवण जात नाही. पाट्या उचकटायला गेलो, एक निघाली, दुसरीबरोबर मसुराएवढा रंगाचा पोपडा निघाला. तुम्हाला तो दिसणार नाही, पण मला तर दिसतोय. इंजिन समोर ठेवतो, डोळे मिटतो आणि तुमच्यासारखा हात फिरवतो. वायपर लागतो, शिडी लागते, दांडीचा वाक लागतो, आणि मग जिथे नंबर पाहिजे तिथे हात सपाट जातो, अगदी साबणाच्या वडीसारखा. मग मी डोळे उघडतो आणि इंजिनावर फडकं टाकतो. वीस तारखेला तुमचे जुने सोबती येणार, तुम्ही इंजिन त्यांच्या हातात देणार, आणि विचारणार, नंबर वाचा बघू. आणि तिथे काहीच नाही. त्यांना काही वाटणार नाही हो, ते चहा पितील आणि जातील. पण तुमचा हात जाईल ना तिथे!

मी बरेच उपाय शोधले. पहिला, उलट्या पाट्याच परत लावायच्या आणि इंजिन आरशासमोर ठेवायचं. स्वाती म्हणाली, भावोजींना आरशाचा काय उपयोग? दुसरा, वीस तारखेला मी आजारी पडायचं. तिसरा, सांगायचं की इंजिन टपालात गहाळ झालं. पण रेल्वेच्या माणसाला असं सांगितलं तर तो डब्याचा नंबर विचारील. चौथा उपाय म्हणजे तुम्हाला खरं सांगायचं, आणि त्याला इतकी पानं लागली. वाचून राग आला तर रागवा. पण इंजिन मी मुद्दाम अडकवून ठेवलं असं मनात आणू नका. चार महिन्यांत एक दिवस असा गेला नाही की मी त्याला हात लावला नाही. ताई असती तर तिनं आतापर्यंत तुम्हाला एका वाक्यात सांगून टाकलं असतं, आणि तुम्ही मला केव्हाच सोडलं असतंत. ती नाही म्हणून फार अडतं, भावोजी. तुमचंही अडत असेल, पण तुम्ही बोलत नाही.

थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, दीपिकाच्या खोकल्याला आराम पडो.

तुमचा घाबरट मेव्हणा,
धीरज

ता. क. १: वरचं पत्र परवाच लिहून झालं होतं, पाकीट बंद करायचं राहिलं होतं. काल स्वाती टेबल पुसत होती. त्या उचकटलेल्या पाट्या तिनं उचलल्या आणि विचारलं, या टाकायच्या का? मी म्हटलं, टाक, नजरेसमोर नकोत. ती म्हणाली, ‘अहो, पण ही डायच आहे ना? मग ठोका की हिच्यावर पत्रा.’ भावोजी, मी तिच्या हातातून पाट्या हिसकावूनच घेतल्या. पस्तीस वर्षांचा डायमेकर आठ दिवस डोक्याला हात लावून रडतोय की माझी पाटी उलटी झाली, आणि ती पाटी नव्हतीच, ठसा होता! माझ्या हातानं त्याचं काम बरोबर केलं होतं, डोकंच मागे राहिलं होतं. तांब्याचा पातळ पत्रा वर ठेवला, त्यावर शिशाचा तुकडा, आणि हलक्या हातोडीनं ठोकलं. पत्रा उचलला तर नंबर सुलटा आणि वर उठलेला. स्वातीनं वाचला, एका दमात, मराठीत. कालपासून घरात तिचं राज्य आहे.

ता. क. २: (दीपिका, हे अख्खं कंसात आहे, लांब आहे, तेव्हा चांगला दणदणीत खोकला काढ, किंवा पाणी प्यायला म्हणून आत जा आणि तिथे वाच. खरं सांगायचं तर पत्र आजच टपालात टाकतोय ते यासाठी. पाट्या तयार झाल्या, पण मी अजून चिकटवलेल्या नाहीत. आकडे करंगळीच्या नखाएवढे आहेत, त्याहून मोठे केले तर इंजिनाच्या मापात बसत नाहीत. माझ्या अंगठ्याला ते लागतात, पण माझा अंगठा कारागिराचा. त्यांना एवढं बारीक वाचता येईल का, ही धाकधूक मला जेवू देत नाही. वीस तारखेला दहा लोकांसमोर त्यांनी अंगठा फिरवला आणि काही वाचता आलं नाही तर? म्हणून आधी घरातल्या घरात बघायचं. पाकिटाच्या तळाशी कापसात गुंडाळलेली एक पट्टी आहे, तेवढ्याच मापाची, तेवढ्याच उठावाची. तिच्यावर नंबर नाही. नंबर त्यांना पाठ आहे, न वाचताच सांगून टाकतील आणि आपण फसू. म्हणून असा शब्द निवडलाय जो त्यांनी माझ्याकडून आजवर कधी ऐकलेला नाही, त्यामुळे अंदाजानं सांगता यायचाच नाही. त्यावर ‘चुकलो’ असं आहे. तू मोठ्यानं म्हणू नकोस, चेहऱ्यावरही काही दाखवू नकोस, म्हणजे आवाजात येणार नाही. वाचता आला तर मी अठरा तारखेला इंजिन मांडीवर घेऊन गाडीत बसतो. नाही आला तर पट्टी परत पाठव, अक्षरं आणखी उठवतो. बारा दिवस आहेत, मी झोपणार नाही.)

ता. क. ३: भावोजी, आता उजवा हात पुढे करा. दीपिका तुमच्या तळहातावर एक तांब्याची पट्टी ठेवील. कापूस असला तर झटका, बोंबलाचा वास आला तर दुर्लक्ष करा. अंगठा डावीकडून उजवीकडे न्या, सावकाश. काय लिहिलंय ते दीपिकाला सांगू नका, मला फोन करून सांगा.

फोन मी उशीखालून काढून समोर ठेवलाय. पहिल्या घंटीला उचलतो.